वाऱ्याच्या पिशवीला अस्तर

गुरुवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या ताईचं विमान धावपट्टी संपल्यावरही एकशे बेचाळीस मीटर पुढे गेलं, कुंपण तोडून बटाट्याच्या शेतात नाकावर उभं राहिलं, आणि त्यापायी ताईचं विमान चालवायचं लायसन कायमचं गेलं.

आता असं धरून चालू, की यातलं काहीच झालेलं नाही. हे वाटतं तितकं अवघड नाही. त्या दिवशी पहिले पावणेदोन तास आमच्या विमानतळावर सगळ्यांनी असंच धरलं होतं आणि कामकाज सुरळीत चालू होतं.

विमानतळ हा शब्द जरा मोठा झाला. नऊशे मीटरची एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड, एक आगीची गाडी आणि चार खांबांवर उभी केलेली माझी काचेची खोली. माणसं चार. एक साहेब. एक अग्निशामक, ज्याला हुद्द्यामुळे आणि आकारामुळे सगळे बंब म्हणतात, त्याची बायकोसुद्धा म्हणते. एक मी. चौथी जागा रिक्त आहे. ती मी जन्मलो तेव्हापासून रिक्त आहे आणि साहेब दर महिन्याला तिची हजेरी तपासतात.

माझं काम रेडिओवर बसायचं आणि येणाऱ्या विमानाला वारा सांगायचा. ही नोकरी मला ताईनेच मिळवून दिली. दिवसभर बडबडतोस, निदान कुणाच्या तरी उपयोगी पड, असं म्हणून. ताई माल वाहणारं छोटं विमान चालवायची. आठवड्यातून दोनदा, एकटी. औषधं, टपाल, मोटारीचे सुटे भाग, कधी कोंबडीची पिल्लं. नवव्या वर्षी तिने घरात जाहीर केलं होतं की मी विमान चालवणार. मी तेव्हा सहा वर्षांचा असल्यामुळे माझी नेमणूक प्रवासी म्हणून झाली. दोन खुर्च्या आणि एक इस्त्रीचं टेबल एवढ्या सामग्रीवर आम्ही बरेच देश पाहिले. त्यानंतर तिने दुसरं काही शिकायची तसदी घेतली नाही. ती चहा करते तेव्हा पातेलं बदलावं लागतं.

वारा सांगायचा, तर तो आधी कळायला हवा. त्यासाठी गरगर फिरणाऱ्या तीन वाट्यांचं एक यंत्र होतं. ते मोडलं. नवं मागवलं, तर वरच्या कार्यालयाचं उत्तर आलं की यंत्र मोडले त्या क्षणी वाऱ्याचा वेग नेमका किती होता ते कळवावे. पत्रव्यवहार अजून चालू आहे. खिडकी उघडून हात बाहेर काढावा, तर रंगाऱ्याने गेल्या वर्षी खिडक्या मिटलेल्या असतानाच रंग मारला आणि त्या तशाच वाळल्या. उरली पिशवी.

विमानतळावर उंच दांड्याला नारिंगी कापडाची, दोन्ही बाजूंनी उघडी, लांबोडकी पिशवी असते, ती तुम्ही कुठेतरी पाहिली असेल. वारा सुटला की ती फुगून आडवी होते. ज्या दिशेला तिची शेपटी, त्या दिशेला वारा चाललाय. वारा नसला की ती लोंबते. यात न कळण्यासारखं काही नाही, म्हणून तर ते काम माझ्याकडे होतं.

जुनी पिशवी उन्हाने विरून तिच्या चिंध्या झाल्या, तेव्हा साहेबांनी नवीनसाठी अर्ज केला. चौदा महिन्यांनी दांडा आला. आमच्याकडे दांडा होता. आता दोन आहेत. मग साहेब म्हणाले, तुझी आई शिवणकाम करते ना.

माझी आई शिवणकाम करते हे म्हणणं म्हणजे समुद्र ओला असतो म्हणण्यासारखं आहे. शाळांचे गणवेश, पडदे, गाद्यांच्या खोळी, सगळं तिच्या मशीनखालून जातं. तिच्या शिवणीचा एकच दोष, ती उसवत नाही. माझं पहिलीतलं दप्तर अजून आहे आणि मी गेल्यावरही राहील.

साहेबांनी दिलेल्या मापावरून तिने दोन दिवसांत पिशवी बेतली. हलकं, पातळ, नारिंगी कापड. मग तिने ती उलटी केली आणि आतल्या शिवणी उघड्या बघून तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, अगं आतून कोण बघणार आहे, आतून फक्त वारा जातो. ती म्हणाली, "वारा का होईना, जातो ना? नावं ठेवायला जागा नको." आणि तिने आतून अस्तर लावलं. जाड, पडद्याचं, दुहेरी. तोंडाला पट्टी, शेपटीला पट्टी, आणि ओढ बसेल तिथे तिकोनी तुकडे. तयार झाल्यावर मी ती उचलली तेव्हा माझ्या मनात आलं की ही जरा जड आहे. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, झकास.

तपासणीला माणूस आला. त्याने रंग बघितला, लांबी मोजली, तोंडाचा व्यास मोजला आणि तिन्ही चौकटींत बरोबरची खूण केली. पिशवी उडते का, अशी चौकट त्या फॉर्मवर नव्हती.

पाच महिने कुणाला काही कळलं नाही, कारण आमच्याकडे सकाळी सहसा वारा नसतो आणि ताई सकाळी यायची. मला एकदोनदा दिसलं होतं. पलीकडच्या शेतातलं गवत आडवं झालेलं आणि आमची पिशवी शोकसभेला आल्यासारखी खाली मान घालून उभी. मी कानाडोळा केला. आईला जाऊन तुझी शिवण जड झाली असं सांगायचं, हे काम मी उद्यावर टाकत गेलो. पाच महिन्यांत उद्या भरपूर असतात.

त्या गुरुवारी, म्हणजे जो गुरुवार आपण झाला नाही असं धरलं आहे त्या गुरुवारी, सव्वादहाला मी खाली उतरलो आणि माझी टोपी उडाली. पश्चिमेकडून वारा आला आणि टोपी पूर्वेला निघाली. मी तिच्यामागे धावपट्टीच्या कडेने कुंपणापर्यंत पळालो, तारेला अडकली म्हणून सापडली. धापा टाकत वर आलो, बसलो, तेवढ्यात रेडिओवर ताई.

"शहाण्या, वारा सांग."

ती पश्चिमेकडून येत होती. वारा नसला की ती सरळ आत येऊन उतरायची. पश्चिमेचा वारा असला तर मात्र तिला वळसा घालून पूर्वेकडून यावं लागे, म्हणजे वारा समोरून लागतो आणि विमान लवकर थांबतं. पाठीमागून वारा घेऊन उतरणं म्हणजे ब्रेक मारणाऱ्या सायकलला मागून कुणीतरी ढकलत राहणं. हे मला माहीत होतं. हे मला तिनेच शिकवलं होतं.

माझ्यासमोर भिंतीवर नियम चिकटवला होता: वाऱ्याची माहिती मान्यताप्राप्त उपकरणावरूनच द्यावी, अंदाजाने देऊ नये. आदल्या महिन्यात मी रेडिओवर "आज वारा बरा आहे" असं म्हटलं होतं आणि साहेबांनी मला लेखी समज दिली होती. मी पिशवीकडे बघितलं. ती लोंबत होती. मी टोपीकडे बघितलं. टोपी हे मान्यताप्राप्त उपकरण नाही.

मी म्हटलं, "वारा शांत."

विमान धावपट्टीवर आलं आणि उतरेना. जमिनीपासून हातभर वर ते नुसतं सरकत राहिलं. अर्धी धावपट्टी गेली. मग चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली. टायरांचा धूर निघाला आणि तो धूर विमानाच्या पुढे गेला. धूर पुढे गेला, तेव्हा मला कळलं. मी बटण दाबलं. काय सांगायचं होतं मला ठाऊक नाही. रेडिओवरचं सगळं बोलणं टेप होतं, त्या टेपवर माझे एकूण तीन शब्द आहेत. दोन, वारा शांत. आणि मग बाविसाव्या सेकंदाला तिसरा, ताई.

कुंपण, मग चर, मग शेत. शेपटी वर झाली आणि तशीच राहिली.

आगीची गाडी सुरू झाली नाही. ती उतारावर सुरू होते आणि आमचा विमानतळ सपाट आहे. बंब हातातलं नळकांडं घेऊन पळाला. तो माणूस पळताना मी कधी बघितला नव्हता, आणि एवढ्या वेगाने एवढं मोठं काही त्या धावपट्टीवर त्याच्या पाचच मिनिटं आधी गेलं होतं. त्याने ताईला खांद्यावर टाकून आणलं. जबडा मोडलेला, दोन बरगड्या, डावं मनगट. रस्त्यापलीकडच्या आमच्या खोल्यांतून आई आली. तिच्या गळ्यात मोजपट्टी तशीच होती. ती ताईबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये बसली. मलाही बसायचं होतं, पण रेडिओ सोडून जाता येत नाही. त्या दिवशी दुसरं विमान येणार नव्हतं. तरी रेडिओ सोडून जाता येत नाही.

मग साहेबांनी नोंदवही उघडली. वरून घटना क्रमांक मिळेपर्यंत घटना घडली असं म्हणता येत नाही, असं त्यांनी आम्हाला समजावलं, आणि क्रमांक देणारे गृहस्थ जेवायला गेले होते. साहेबांनी लिहिलं: विमान उतरले. पुढचा रकाना होता, सध्या कुठे उभे आहे. त्यांनी बाहेर बघितलं, जरा विचार केला आणि लिहिलं: पूर्वेकडे.

विमानात चारशे पिल्लं होती. एक दिवसाची, पिवळी, पुठ्ठ्याच्या खोक्यांत. खोकी फुटली आणि ती सगळी धावपट्टीवर फिरायला निघाली. धावपट्टीवर पक्षी असणं ही वेगळी घटना आहे, तिला वेगळा क्रमांक लागतो. म्हणून साहेबांच्या आदेशावरून बंब आणि मी पावणेदोन तास पिल्लं गोळा केली. मी प्रत्येक पिल्लू आधी दोन्ही तळव्यांत धरायचो. पिल्लांना ते आवडत असावं, ती माझ्या हातात शांत बसायची. आम्हाला तीनशे अठ्ठ्याण्णव सापडली. मी ती टोपीतून वाहिली.

दुसऱ्या दिवशी मला इस्पितळात जायला सोडलं. ताईचा जबडा तारेने शिवलेला होता, ती बोलू शकत नव्हती. आई तिच्या उशाशी बसून इस्पितळाच्या चादरीच्या कडेचे सुटलेले दोरे दाताने तोडत होती. तिला मी चहा आणायला पाठवलं. मग ताईला म्हटलं की टोपी उडाली होती. पिशवी जड आहे हेही मला माहीत होतं. सगळं सांगितलं. तिने उजव्या हाताने औषधांच्या कागदाच्या पाठीवर लिहिलं.

"वेग जास्त वाटत होता. पण तू शांत म्हणालास. मी शांत मानलं."

मी म्हटलं, मी चौकशीत सांगतो. चुकीचा वारा सांगितला गेला असेल तर पायलटला सहा महिने घरी बसवतात, मग परत लायसन मिळतं. पायलटने स्वतः वारा न बघता उतरवलं असेल, तर कायमचं जातं. हे मी नियमांच्या पुस्तकात रात्री तीनदा वाचलं होतं. ताईने कागद पुन्हा पुढे ओढला. मग लिहिलं, "पिशवीचं निघालं तर आईचं निघणार." आणि खाली, "तिला सांगू नकोस." त्याखाली दोन रेघा ओढल्या. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. ताईने कागद चुरगाळून तोंडात टाकायला घेतला, मग तोंड उघडत नाही हे तिच्या लक्षात आलं आणि तिने तो माझ्या खिशात कोंबला. आम्ही दोघं हसलो. तिला हसताना दुखलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आईला वाटलं मी तिला रडवलं, म्हणून मला बोलणी बसली. बरोबरच होतं.

सोमवारी चौकशी अधिकारी आल्या. चष्मा दोरीने गळ्यात, स्वतःचा कप पिशवीतून आणलेला. साहेबांच्या खोलीत बसून त्यांनी आधी ताईचा लेखी जबाब वाचला. तो ताईने रविवारीच कुणालाही न विचारता पाठवून दिला होता. वाऱ्याची स्वतः खात्री केली नाही, चूक माझी आहे, खाली सही. डाव्या मनगटाला प्लास्टर होतं, पण सही उजव्या हाताची होती, त्यामुळे तीत काही खोट काढता आली नाही. मी बघितली.

मग माझी पाळी आली. मी ताईचं ऐकलं नाही. टोपी उडाल्याचं सांगितलं आणि पिशवी उडत नाही हेही सांगितलं. पिशवी कोणी शिवली ते मी सांगितलं नाही. ते साहेबांनी सांगितलं, त्यांना वाटलं त्याने पिशवीची पत वाढेल. अधिकारी बाईंनी तपासणीचा फॉर्म काढला आणि तीन खुणा मला दाखवल्या. पिशवी प्रमाणित आहे, त्या म्हणाल्या. मी म्हटलं पाच मिनिटं द्या. मी पळत गेलो, दांड्यावरून पिशवी उतरवली, खांद्यावर टाकून आणली, साहेबांच्या कपाटाच्या मुठीला बांधली आणि समोर टेबलफॅन ठेवून तो तीनवर केला.

ताईचा जबाब उडाला. तपासणीचा फॉर्म उडाला. साहेबांची रजेची वही पानं फडफडवत टेबलावरून खाली गेली, भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावर गोल फिरलं, बंब दारात उभा होता त्याचे केस उभे राहिले. अधिकारी बाईंचा चष्मा दोरीला आडवा झाला. पिशवी लोंबत होती. ती जागची हलली नाही. माझ्या आईने शिवली होती ती.

बाईंनी पंखा बंद केला. सगळे कागद स्वतः वाकून गोळा केले, क्रमाने लावले. मग मला म्हणाल्या की खोलीतला वारा त्यांना धरता येत नाही. पण उद्या सकाळी दहाला त्या दांड्याखाली उभ्या राहतील, त्यांच्याकडे हातात धरायचं वारा मोजायचं यंत्र आहे, आणि वारा असताना पिशवी अशीच लोंबली तर त्या तसं लिहितील. "लिहिलं तर सहा महिने," त्या म्हणाल्या. "कायमचं नाही."

मी पिशवी परत चढवली. माझे पाय जमिनीला लागत नव्हते. आईला न सांगता हे सगळं होऊ शकतं, असा हिशेब मी मनात जुळवला होता. अहवाल वरच्या कार्यालयात जाणार, आई वरच्या कार्यालयात जात नाही.

घरी आलो तर आईने विचारलं, पिशवी का उतरवली होती, तिने खिडकीतून बघितलं. मी म्हटलं, मोठ्या बाई आल्यात, त्यांना बघायची होती. ती म्हणाली, मग, काय म्हणाल्या? आणि मी, ज्याला त्या दिवशी पहिल्यांदा भूक लागली होती, तोंडात घास असताना म्हणालो, "काही नाही गं. थोडी जड वाटते म्हणाल्या."

एवढंच. एवढंच बोललो मी.

सकाळी उठलो तेव्हा आई घरात नव्हती. टेबलावर चिठ्ठी होती, ताईकडे जाऊन येते. मशीनवर नारिंगी दोऱ्याचे तुकडे पडले होते. ते मी बघितले आणि मला त्यांचा अर्थ कळला नाही. माझा मेंदू मान्यताप्राप्त नाही.

दहा वाजता आम्ही दांड्याखाली उभे राहिलो. अधिकारी बाई, साहेब, बंब, मी. वारा पश्चिमेकडून होता, फार नाही. बाईंनी यंत्र वर धरलं. नऊ, त्या म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी वर बघितलं.

पिशवी आडवी होती. फुगलेली, सरळ, शेपटी हलकेच थरथरत पूर्वेकडे. नियमांच्या पुस्तकात चित्र असतं तशी. इतकी सुंदर पिशवी मी जन्मात बघितली नाही.

मी बंबकडे बघितलं. तो बुटांकडे बघत होता. पहाटे सहाला आई आली होती, म्हणाली पिशवी खाली घे, अर्ध्या तासात देते. त्याने दिली होती. तिच्या लेकीला शेतातून खांद्यावर टाकून त्यानेच आणलं होतं, तो तिला कशाला नाही म्हणणार होता.

तेवढ्यात आईच आली. इस्पितळातून परत, बसमधून उतरून सरळ. पिशवीकडे बघून तिचा चेहरा उजळला. तिने बाईंना नमस्कार केला आणि म्हणाली, "आता बघा कशी हलकी झाली. अस्तर काढून टाकलं सगळं. पोराने सांगितलं तुम्हाला जड वाटली म्हणून." अस्तर कुठे आहे, असं बाईंनी हळूच विचारलं. आई म्हणाली, त्याची ताईला मानेखाली घ्यायला उशी शिवली. कापड चांगलं होतं, वाया कशाला घालवायचं, पोरीची मान दुखते. आत्ताच देऊन आले.

बाईंनी वही उघडली.

"म्हणजे अपघाताच्या दिवशी जड होती?"

आई उत्तर द्यायला निघाली होती. हो म्हणायलाच निघाली होती, कौतुकाने. मग ती थांबली. अपघाताच्या दिवशी, हे शब्द तिच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. तिने वर पिशवीकडे बघितलं. मग लांब, पूर्वेकडे, जिथे कुंपणाला भगदाड होतं आणि शेतात चाकांच्या रेघा होत्या. मग माझ्याकडे. तिच्या गळ्यातली मोजपट्टी वाऱ्याने हलत होती. तिचा हात तिथे गेला आणि तिने ती धरून ठेवली.

मला तीन गोष्टी एकदम दिसल्या. ताई, इस्त्रीच्या टेबलावर, नऊ वर्षांची. कागदावरच्या दोन रेघा. आणि आई, जी यापुढे कुणासाठी काही शिवायला बसली की आधी आत बघेल.

मी म्हटलं, "हलकीच होती. आईला सवय आहे, उगाच काढत-घालत बसते."

बाईंनी चष्मा लावला. माझ्याकडे बघितलं, कालचा पंखा अजून त्यांच्या डोळ्यांसमोर असावा. "कालचं निवेदन मागे घेता?"

"हो."

"टोपीचंही?"

"टोपी माझ्याच धांदरटपणाने पडली. वारा नव्हता."

त्यांनी लिहिलं. हळू लिहिलं, मधे दोनदा थांबल्या, मी काही बोलतो का म्हणून. साहेबांनी सुस्कारा टाकला. बंब शेडकडे निघून गेला आणि तिथे बराच वेळ सुरू न होणारी गाडी सुरू करत राहिला.

संध्याकाळी आई मशीनपाशी बसली होती, मशीन न चालवता. पायाशी एक पिल्लू होतं, एक तिच्या दोऱ्यांच्या डब्यात झोपलं होतं. न सापडलेली दोन ती हीच. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "खरं सांग. त्या दिवशी वारा किती होता?"

मी म्हटलं, "शांत."

तिने मान हलवली. मग म्हणाली, ताईची उशी परत आणायला हवी, शिवण आतून टोचत असेल. मी म्हटलं, तिला आवडली आहे. आई म्हणाली, "तिलाही तू सांगितलंस का असं म्हणायला?" आणि उठून दिवा लावला.

लायसन गेल्याचं पत्र आठ दिवसांनी आलं. ताईने ते इस्पितळाच्या खाटेवर वाचलं, घडी केली, मानेखालच्या उशीच्या खोळीत सारलं आणि हात पुढे केला. मी पेन दिलं. तिने लिहिलं, "शहाण्या, आता तू प्रवासी नाहीस. आता आपण दोघंही खाली." मग भिंतीकडे तोंड करून झोपली. ती झोपली नव्हती. पाठ झोपलेल्या माणसाची नव्हती.

मी त्या दिवसापासून नियमांचं पुस्तक वाचतो आहे. त्यात कुठेतरी एक वाट असेल. अपिलाला तीस दिवस आहेत, पण अपिलात वाऱ्याबद्दल बोलता येत नाही कारण वारा शांत होता, पिशवीबद्दल बोलता येत नाही कारण पिशवी प्रमाणित आहे, माझ्याबद्दल बोलता येत नाही कारण मी निवेदन मागे घेतलं आहे, आणि ताईबद्दल बोलता येत नाही कारण तिने सही केली आहे. उरली फक्त धावपट्टी. तिच्याबद्दल अजून कुणी काही कबूल केलेलं नाही. काल एकोणतिसावा दिवस होता. मी अर्ज लिहिला आणि आज योग्य मार्गाने, साहेबांमार्फत, पाठवला:

"महोदय, विषयांकित विमान धावपट्टीच्या पूर्व टोकापलीकडे एकशे बेचाळीस मीटर अंतरावर थांबले, ही बाब अहवालात नमूद आहे. सदर धावपट्टीची मंजूर लांबी नऊशे मीटर असल्याने विमान धावपट्टीबाहेर गेले असे मानण्यात आले. तरी नम्र विनंती की, सदर धावपट्टीची लांबी एकशे बेचाळीस मीटरने वाढवून मिळावी, वाढीव भागातील चर, कुंपण व बटाटे यांना धावपट्टीचा दर्जा देण्यात यावा, आणि ही वाढ गेल्या महिन्यातील त्या गुरुवारच्या सकाळी दहा वाजून एकोणचाळीस मिनिटांपासून पूर्वलक्षी प्रभावाने अमलात आल्याचे समजण्यात यावे, ही विनंती."